एकाच माणसाचे चार स्कोअर कसे काय राहतात?

वाचकांचे प्रश्न, बँकेतल्या ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. मी बुटीबोरीच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. बेसा भागात फ्लॅट पाहून ठेवला, टोकनही देऊन बसलो. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये माझा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीचे गुण, ७६८ दाखवत होता, म्हणून निश्चिंत होतो. बँकेत गेलो तर तिथले साहेब म्हणाले, "भाऊ, तुमचं सिबिल ७०४ आहे, व्याज पाव टक्का जास्त लागेल." मी म्हटलं, असं कसं काय? मग लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही एजन्सींचे रिपोर्ट काढले. आकडे निघाले ७६८, ७०४, ७४१ आणि ७५९. एका रिपोर्टमध्ये माझं बाइकचं कर्ज अजून चालू दाखवते, ते मी २०१९ लाच फेडलं. दोघांत क्रेडिट कार्डावर ५२,००० रुपये बाकी, दोघांत शून्य. एकात पाच बँका-फायनान्सवाल्यांनी चौकशी केल्याचं लिहिलं आहे, एकात एकाने, बाकी दोघांत कोणीच नाही. एकाच माणसाचे चार स्कोअर कसे काय राहू शकतात? याच्यातला खरा कोणता? आणि असंच होणार होतं तर मी काहून इतकी वर्षं एक हप्ता न चुकवता भरत राहिलो? चारही प्रिंट सोबत पाठवल्या आहेत.
– एक वाचक, बेसा

उत्तर : भाऊ, तुमचं पाकीट आलं त्या दुपारी पारा ४५ च्या वर होता. जेवणाच्या टेबलावर चार गठ्ठे मांडले आणि कूलरच्या एका झोताने तिसरा गठ्ठा उचलून दिवाणाखाली नेऊन टाकला. तेव्हा एकावर वाटी, एकावर तांब्या, एकावर चष्म्याचं घर आणि एकावर लोणच्याची बरणी ठेवली आणि वाचायला बसले. उत्तरातही मी हीच नावं वापरणार आहे. ७६८ वाला वाटीखालचा, ७०४ वाला तांब्याखालचा, ७४१ वाला चष्म्याखालचा आणि ७५९ वाला बरणीखालचा. कोणत्या भांड्याखाली कोणती एजन्सी होती ते मुद्दाम सांगत नाही. तुमच्या शेजाऱ्याने उद्या आपले चार अहवाल काढले तर त्याच्या तांब्याखाली भलतीच एजन्सी येईल, आणि लोक उगाच एकीच्या नावाने बोटं मोडत बसतील.

आधी ते "खरा कोणता" बघू. लोकांची समजूत अशी असते की एकच उत्तरपत्रिका चार परीक्षकांनी तपासली, म्हणून गुण थोडे मागेपुढे झाले. तेवढंच असतं तर गोष्ट सोपी होती. प्रत्येक एजन्सीचं स्कोअर काढायचं गणित वेगळं आहे, हे खरंच. चौघींचीही पट्टी ३०० ते ९०० अशीच, पण कोणती उशिराची परतफेड किती मोजायची, कार्डाचा वापर किती धरायचा, हे ज्याचं त्याचं. तेवढ्याने दहा-वीस गुण इकडेतिकडे होतातच, आणि त्यावर झोप उडवून घेऊ नये. पण तुमच्या बाबतीत उत्तरपत्रिकाच वेगळ्या पोचल्या आहेत. एकीतलं पान गळालंय, एकीला दुसऱ्याच तारखेची पुरवणी लागलीय. ६४ गुणांची दरी पडली ती त्यामुळे. म्हणून आकडे बाजूला ठेवा आणि ओळी वाचा. मी तेच केलं.

थोडं जुनं सांगते, म्हणजे या एजन्सी आणि त्यांच्या नोंदींच्या वह्या कुठून आल्या ते कळेल. १९९१ मध्ये मी काटोलच्या शाखेत शेतीकर्जाच्या टेबलावर होते. संत्र्याचा बागाईतदार कर्ज मागायला आला की आम्ही त्याच्या हातात एक छापील कागद द्यायचो, 'थकबाकी नाही' असा. तो कागद घेऊन त्याने तालुक्यातल्या एकेका बँकेत जायचं, प्रत्येकीचा शिक्का आणायचा. कुठे साहेब रजेवर, कुठे शिक्का कुलपात. चार दिवस एसटीने फिरून माणूस परत यायचा तेव्हा कागद घामाने मऊ झालेला असायचा. आणि एवढं करून जी बँक तो मुद्दाम टाळून आला, तिची थकबाकी आम्हाला कळायचीच नाही. तोच कागद आता संगणकात गेलाय. २००० साली सिबिल उभी राहिली. २००५ साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला आणि त्याखाली २०१० मध्ये आणखी तिघींना परवाने मिळाले. आज रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालणाऱ्या चार कंपन्या आहेत. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. पण आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा म्हणायचं तसं सगळ्याच स्कोअरला 'सिबिल' म्हणतात, बँकेतले साहेबसुद्धा. तुमचे साहेब म्हणाले "सिबिल ७०४". ते सिबिलचंच होतं की दुसऱ्या कोणाचं, हे तुम्ही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तुमच्या अ‍ॅपचंही तेच. स्कोअरच्या खाली बारीक अक्षरात एजन्सीचं नाव आणि तारीख असते. ७६८ हा आकडा वाटीवालीचा, बँकेने पाहिली तांब्यावाली. दोघंही खोटं बोलले नाहीत.

आता तुमच्या ५२,००० रुपयांकडे येते, कारण ते सगळ्यात सोपं आहे. प्रिंटच्या डोक्यावरची तारीख पाहिलीत का? तांब्याखालचा आणि चष्म्याखालचा अहवाल तुम्ही २६ एप्रिलला काढलाय, वाटी आणि बरणी ९ मेला. मधे बहुधा ओटीपी आला नसेल, नाहीतर साइट बसली असेल. आता आत कार्डाच्या चौकटीत जा. तिथे 'माहिती दिल्याची तारीख' असते. पहिल्या दोघांत ती १५ एप्रिल, दुसऱ्या दोघांत ३० एप्रिल. तुमच्या कार्डाचं बिल निघालं १२ तारखेला आणि तुम्ही ते पूर्ण भरलंत २८ ला. १५ ला बँकेने जे पाठवलं त्यात ५२,००० उभे होते, महिनाअखेरीस पाठवलं त्यात शून्य. चौघींनाही बँकेने एकच सांगितलं, तुम्ही विचारलंत वेगवेगळ्या दिवशी.

१ जानेवारी २०२५ पर्यंत बँका ही माहिती महिन्यातून एकदा पाठवायच्या. त्या तारखेपासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने ती निदान पंधरवड्याला पाठवणं बंधनकारक झालं, १५ तारखेची आणि महिनाअखेरची. त्या आदेशाप्रमाणे त्यानंतर ७ दिवसांत ती एजन्सीकडे पोचायला हवी होती आणि एजन्सीने ५ दिवसांत वहीत चढवायला हवी होती. म्हणजे आज केलेली परतफेड उद्या अहवालात दिसणार नाही, तिला दोन-तीन आठवडे द्या. आणि दोन अहवालांची तुलना करायची तर एकाच दिवशी काढलेले घ्या. नाहीतर सकाळचा आणि संध्याकाळचा भाजीचा भाव समोरासमोर ठेवून दुकानदाराशी भांडल्यासारखं होतं.

एक मात्र सांगते. तुमच्या कार्डाची मर्यादा ८०,००० आणि बिल ५२,००० म्हणजे ६५ टक्के वापर. पैसे तुम्ही मुदतीत भरलेत, एक रुपया व्याज लागलं नाही, तरी १५ तारखेच्या फोटोत तुम्ही कार्ड ताणलेला माणूस दिसता. गृहकर्जाचा अर्ज करायच्या आधीचे एक-दोन महिने एसी-फ्रिज कार्डावर घेऊ नका, किंवा घेतलाच तर बिल निघायच्या आधीच पैसे भरून टाका.

आता बाइक. इथे मला चहा करून घ्यावा लागला. तांब्याखालच्या अहवालात, पान ४ आणि पान ६, बाइकचं कर्ज एकदा नाही, दोनदा आहे. पान ६ वरचं 'बंद' आहे, ऑगस्ट २०१९. पान ४ वरचं 'चालू' आहे, थकीत ४१२ रुपये. खाते क्रमांक वेगवेगळे, म्हणून तुम्हाला वाटलं एक दुसरंच काहीतरी असेल. पण मंजुरीची तारीख दोन्हीकडे ११ जुलै २०१६, रक्कम दोन्हीकडे ५४,०००. एकाच दिवशी तेवढ्याच रकमेची दोन बाइककर्जं कोणी घेत नाही. आणि पान ४ वरची 'माहिती दिल्याची तारीख' ३१ मे २०१९ वर थांबलेली आहे. त्यानंतर त्या खात्याबद्दल कोणी काही कळवलेलंच नाही. बहुधा त्या फायनान्स कंपनीने त्या उन्हाळ्यात आपली संगणक प्रणाली बदलली, सगळ्या खात्यांना नवे क्रमांक दिले. तीन एजन्सींकडे जुना क्रमांक नव्यात मिसळला, चौथीकडे जुना तसाच उभा राहिला, मे महिन्याचा ४१२ रुपयांचा लेट फीचा की कशाचा आकडा पोटात घेऊन. असं मी बँकेत असतानाही पाहिलंय. माहितीची फाइल गेली की एजन्सी तिच्यातल्या काही ओळी नाकारून परत पाठवते, जन्मतारीख नाही, पॅन नाही, क्रमांक जुळत नाही म्हणून. एकीने नाकारलेली ओळ दुसरी घेते. परत आलेल्या ओळी दुरुस्त करून पुन्हा पाठवायचं काम कोणाच्या तरी टेबलावर असतं, आणि मार्चएंडला त्या टेबलावरचा माणूस दुसऱ्याच कामाला जुंपलेला असतो.

कर्जाच्या चौकटीखाली ३६ महिन्यांची जी बारीक चौकटींची पट्टी असते, तीही बघायला शिका. महिन्याखाली ००० असेल तर त्या महिन्यात उशीर नाही. ०३० असेल तर ३० दिवस उशीर. आणि 'एक्स एक्स एक्स' असेल तर घाबरू नका. त्याचा अर्थ त्या महिन्याची माहितीच बँकेने दिली नाही. तुमच्या बरणीखालच्या अहवालात अशा ७ चौकटी आहेत, त्याच महिन्यांत वाटीखाली ००० आहेत.

वाटीखालच्याला सगळ्यात जास्त गुण का, याचंही कारण सापडलं. बहिणीच्या लग्नासाठी २०११ साली घेतलेलं आणि २०१३ ला फेडलेलं वैयक्तिक कर्ज फक्त तिच्याकडे नोंदलेलं आहे. त्या काळी कर्ज देणाऱ्याने कोणत्यातरी एका एजन्सीचं सभासद असणं पुरेसं होतं. जानेवारी २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की चौघींचंही सभासद व्हायलाच हवं. त्याआधी संपलेल्या कर्जांचं नशीब असं, ज्या वहीत पडलं तिथेच राहिलं. तुमचा जुना, स्वच्छ फेडलेला इतिहास एकीलाच माहीत आहे. "काहून भरले" असं विचारता ना, तर ही घ्या पावती.

राहिल्या त्या पाच चौकश्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुम्ही कुठल्यातरी वेबसाइटवर 'सर्वात कमी व्याजदर शोधा' असा फॉर्म भरलात का? भरलाच असणार, कारण तीन आठवड्यांत पाच नावं उगाच येत नाहीत. कर्ज देणारा तुमचा अहवाल मागवतो तेव्हा त्याची नोंद फक्त त्याने ज्या एजन्सीला विचारलं तिच्याच वहीत होते. चौघांनी तांब्यावालीला विचारलं, एकाने चष्मावालीला, आणि शेवटी तुमच्या गृहकर्जाच्या साहेबांनीही तांब्यावालीलाच. वाटी आणि बरणीला यातलं काहीच ठाऊक नाही. हा फरक चूक नव्हे, कोणी दुरुस्तही करणार नाही. तुम्ही फॉर्ममध्ये टिक करून संमती दिली असेल तर त्या नोंदी राहतील आणि जुन्या होत जातील तसं त्यांचं वजन कमी होईल. आता एवढंच करा, नवे अर्ज थांबवा. तुम्ही स्वतः स्वतःचा अहवाल कितीही वेळा पाहिलात तरी त्याने स्कोअर कमी होत नाही, ही भीती मनातून काढून टाका. आमच्या कॉलनीतले एक काका या भीतीने आठ वर्षं स्वतःचा अहवाल उघडत नव्हते.

मग करायचं काय? बाइकच्या कर्जाचं ना हरकत पत्र शोधा. आरसी बुकवरचा बोजा आरटीओत उतरवलात तेव्हा फॉर्म ३५ सोबत ते लागलंच होतं, म्हणजे त्याची झेरॉक्स कुठेतरी असणार. नसेल तर फायनान्स कंपनीकडून दुसरी प्रत मागा. मग दोन ठिकाणी लिहा. तांब्यावालीच्या साइटवर 'डिस्प्यूट' म्हणून तक्रार टाका, पान ४ वरचा जुना खाते क्रमांक देऊन, 'हे खाते पान ६ वरील खात्याचीच दुबार नोंद आहे' एवढ्याच शब्दांत. आपली कहाणी लिहू नका, तिथे ती कोणी वाचत नाही. आणि तेच फायनान्स कंपनीच्या तक्रार कक्षालाही ईमेलने पाठवा. कारण एजन्सी आपल्या मनाने ओळ खोडू शकत नाही, कर्ज देणाऱ्याने हो म्हटल्याशिवाय तिचे हात बांधलेले असतात. नुसतं एजन्सीशी भांडणारे लोक इथेच अडकतात.

तक्रारीचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा, त्याला आता किंमत आहे. २६ एप्रिल २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा की तक्रार केल्यापासून ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला मिळते. कर्ज देणाऱ्याने दुरुस्त माहिती २१ दिवसांत पाठवायची. त्याने उशीर केला तर पैसे त्याच्या खिशातून, त्याने वेळेत पाठवूनही एजन्सीने रेंगाळत ठेवलं तर एजन्सीच्या. समजा ४ मार्चला तक्रार केली आणि २४ एप्रिलला सुटली. ३ एप्रिलला ३० दिवस संपले, पुढचे २१ दिवस, म्हणजे २,१०० रुपये. रक्कम फार नाही, पण ती द्यावी लागते म्हटल्यावर फायली हलतात. तरीही नाहीच हललं किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. १ सप्टेंबर २०२२ पासून या एजन्सीही लोकपाल योजनेत आहेत. त्यासाठी संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत खेटे घालायची गरज नाही, तक्रार ऑनलाइन होते आणि तिला पैसे लागत नाहीत.

पण तुमचं टोकन दिलेलं आहे, फ्लॅटवाला थांबणार नाही, हे मला कळतं. म्हणून दुरुस्तीची वाट न बघता या आठवड्यात बँकेत पुन्हा जा. सोबत ना हरकत पत्र, पान ४ आणि ६ च्या प्रती दोन्ही मंजुरी तारखांवर पिवळी खूण करून, तक्रारीची पोच आणि वाटीखालचा अहवाल. साहेबांना सांगा, ही दुबार नोंद आहे, बाकी तिघांत हे खातं बंद आहे, आणि कार्डाची बाकी २८ लाच भरली आहे. अर्ज मंजूर करणारा माणूस मी असते तर फाइलवर चार ओळींचा शेरा मारून पुढे पाठवलं असतं, किंवा पंधरा दिवसांनी अहवाल पुन्हा काढू म्हटलं असतं. काही बँकांत व्याजदर स्कोअरच्या टप्प्यावर बांधलेला असतो, तिथे साहेबांच्या हातात फारसं नसतं. मग थांबणं परवडतं का ते मोजा. ३० लाखांच्या २० वर्षांच्या कर्जाला साडेआठऐवजी पावणेनऊ टक्के लागले तर हप्ता पावणेपाचशे रुपयांनी वाढतो, एकूण १ लाख १४ हजारांच्या आसपास. ४१२ रुपयांच्या एका मेलेल्या ओळीसाठी.

प्रश्न : ताई, लग्नाआधी माझ्या नावावर शिक्षणकर्ज होतं, ते मी नोकरी लागल्यावर पूर्ण फेडलं. लग्नानंतर आडनाव आणि मधलं नाव बदललं. आता चारपैकी दोन रिपोर्टमध्ये ते कर्ज दिसतच नाही. मिस्टर म्हणतात, नाही दिसत तर चांगलंच आहे, कर्ज नाही म्हणजे डाग नाही. बरोबर आहे का?
– एक वाचक, उमरेड

उत्तर : मिस्टरांना सांगा, फेडलेलं कर्ज म्हणजे डाग नव्हे, ते तुमचं गुणपत्रक. ते हरवलं तर तुम्ही नव्याने पहिलीत बसलात.

हे माझ्या स्वतःच्या अंगावर आलेलं आहे. मुलाच्या शिक्षणकर्जाला मी सहकर्जदार होते. अहवाल काढला तर एका एजन्सीच्या लेखी मी दोन बायका निघाले. एक माहेरच्या आडनावाची, जिच्याकडे फक्त एक जुनं क्रेडिट कार्ड, आणि एक सासरच्या, जिने घर बांधायला कर्ज घेतलं आणि फेडलं. दोघींची जन्मतारीख एक, पत्ता वेगळा, आणि माहेरच्या बाईकडे पॅनच नव्हता. ज्या बँकेचं ते कार्ड होतं तिने माझा पॅन कधी नोंदलाच नव्हता. चौतीस वर्षं बँकेत काढलेली बाई मी, पण पहिल्यांदा मलाही कळेना की आपण हरवलो कुठे!

मराठी नावांचं हे दुखणंच आहे. कुठे आडनाव आधी, कुठे नाव आधी. मधे वडिलांचं, मग नवऱ्याचं. इंग्रजीत लिहिताना कोणी एक 'ए' लावतं कोणी दोन. एजन्सीचा संगणक नाव, जन्मतारीख, पॅन, फोन, पत्ता असं जुळवून माणूस ओळखतो, आणि जुळवायची प्रत्येकीची रीत वेगळी. दोघींच्या संगणकाने तुम्हाला ओळखलं, दोघींच्या नाही. तुम्ही एजन्सीकडे जायच्या आधी शिक्षणकर्ज दिलेल्या शाखेत जा. खातं बंद झालेलं असलं तरी पॅन, विवाहाचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि कर्ज फेडल्याचं पत्र देऊन तुमची माहिती दुरुस्त करून पुन्हा पाठवायला लेखी सांगा आणि पोच घ्या. काउंटरवर "बंद खात्याचं काही होत नाही" असं ऐकायला मिळेल. तिथून उठू नका. मॅनेजरला भेटा. मग त्या दोन एजन्सींकडे तक्रार टाका. आणि हो, प्रत्येक एजन्सीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो, २०१७ पासून. कोणी 'सिबिल दुरुस्त करून देतो' म्हणून पैसे मागत असेल तर त्याला उमरेडच्याच बसने परत पाठवा.

प्रश्न : भाच्याला गाडीसाठी कर्ज पाहिजे होतं, मी जामीनदार राहिलो. माझ्या चार अहवालांपैकी एकातच ते दिसते. बाकी तिघांत नाव नाही म्हणजे माझी जबाबदारी नाही, असं भाचा म्हणतो.
– एक ज्येष्ठ वाचक, महाल

उत्तर : काका, भाचा हुशार आहे. जामीनकी अहवालावर उभी नसते, तुम्ही सही केलेल्या करारावर उभी असते. अहवाल चारही कोरे असले तरी भाच्याने हप्ता थकवला की नोटीस महालातच येणार. तिघांत नोंद नाही याचा अर्थ एवढाच की बँकेच्या फाइलमधली जामीनदाराची ओळ तिथपर्यंत पोचली नाही. उद्या पोचेल. ज्या एकात दिसते त्यात दर तिमाहीला हप्त्यांची पट्टी बघत जा. ००० च्या जागी दुसरं काही दिसलं तर अहवाल बाजूला ठेवून आधी भाच्याला फोन लावा.

जाता जाता : या वेळी आलेल्या तीन पाकिटांत अहवालांच्या प्रती पॅन, जन्मतारीख, फोन, पत्त्यासकट जशाच्या तशा होत्या. वाचून झाल्यावर मी त्या फाडून पाण्यात भिजवून टाकल्या. पुढच्या वेळी ते सगळं काळ्या स्केचपेनाने झाकून पाठवा, आणि कागद मागून प्रकाशाकडे धरून बघा, पातळ कागदातून आकडे दिसतात. खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तेवढे ठेवा, त्यांच्याशिवाय मला दुबार ओळ शोधता येणार नाही.